प्रयोजकाकडून शक्याकडे

मराठी व्याकरणात ज्या क्रियापदाचा कर्ता स्वतः क्रिया न करता ती दुसऱ्याकडून करवून घेतो, त्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. मूल हसते आणि आई त्याला हसवते, मूल निजते आणि आजी त्याला निजवते, मूल शिकते आणि शिक्षक त्याला शिकवतात; मुलाच्या बहुतेक क्रियांना मोठ्या माणसांचा असा एक प्रयोजक जोड असतो आणि बालसंगोपनाचा बराचसा व्यवहार याच रूपांत चालतो. 'आवडणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप मात्र मराठीत रूढ नाही. इतकेच काय, 'मुलीला कसरत आवडते' या वाक्यात मुलगी व्याकरणदृष्ट्या कर्ताही नाही. कर्ता आहे कसरत, आणि मुलगी चतुर्थी विभक्तीत उभी राहून जे घडते ते केवळ अनुभवते. जे खुद्द मुलीलाही ठरवून 'करता' येत नाही, ते दुसऱ्याने तिच्याकडून करवून कसे घ्यावे, हा प्रश्न अशा रीतीने भाषेनेच पुढे ठेवला आहे.

व्यायामशाळेत हा प्रश्न अगदी साध्या रूपात दिसतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे नाव जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात घातले जाते, शुल्क भरले जाते, पोशाख आणला जातो, मूल वेळेवर वर्गात पोहोचतेही. परंतु रांगेत ते हळूहळू मागे सरकते, पाय ताणताना गुडघा सैल सोडते, आणि शिक्षकांची पाठ फिरताच हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटे उभे राहण्याची कसरत, अर्ध्यावर टाकून देते. पालकांना हाताला धरून त्याला वर्गाच्या दारापर्यंत आणता येते. दाराच्या आत अपेक्षित असलेली मेहनत तशी हाताला धरून आणता येत नाही. याकडे सामान्यतः संगोपनातील एक युक्तीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, आणि बक्षीस, धाक, स्पर्धा व समजूत यांपैकी कोणता उपाय लवकर लागू पडेल एवढाच विचार होतो. वस्तुतः त्याच्या तळाशी तत्त्वज्ञानातील एक जुना पेच आहे: एकाच्या इच्छेमुळे दुसऱ्याच्या ठिकाणी उत्पन्न झालेला प्रयत्न त्या दुसऱ्याचा म्हणता येतो काय? इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाची शिक्षणविषयक व्याख्याने १८०३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत हाच पेच शिक्षणातील मोठ्या प्रश्नांपैकी एक म्हणून मांडलेला आहे. मुलाला नियमनाखाली आणणे आवश्यक असते आणि स्वातंत्र्य वापरण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी जोपासणेही आवश्यक असते. तर मग सक्तीच्या जमिनीतून स्वातंत्र्य उगवावे कसे, हा त्याचा प्रश्न होता.

भारतीय दर्शनांत या पेचाचा सूक्ष्म विचार मीमांसकांनी आणि नैयायिकांनी केला, आणि तो त्यांना वेदातील विधिवाक्यांच्या निमित्ताने करावा लागला. 'अमुक करावे' असे वाक्य ऐकून माणूस उठतो आणि कामाला लागतो, तेव्हा त्याला नेमके काय हलवते, हे त्यांना ठरवायचे होते. मीमांसकांनी यासाठी 'भावना' ही संज्ञा वापरली. मनोविकार हा तिचा आजचा अर्थ येथे बाजूला ठेवावा लागतो, कारण काहीतरी घडून यावे यासाठी चाललेला व्यापार असा तिचा शास्त्रीय अर्थ आहे. लौगाक्षी भास्कराच्या 'अर्थसंग्रह' या मीमांसेच्या प्रवेशग्रंथात तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. ऐकणाऱ्याने प्रवृत्त व्हावे यासाठी आज्ञेचा जो व्यापार चालतो ती शाब्दी भावना, आणि फळाच्या इच्छेने ऐकणारा स्वतः जो प्रयत्न करतो ती आर्थी भावना. लौकिक व्यवहारात शाब्दी भावना ही आज्ञा करणाऱ्या माणसाच्या अभिप्रायात असते, असेही तेथे म्हटले आहे. हा भेद पालकांच्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण त्यामुळे दोन प्रयत्न आणि त्यांचे दोन धनी वेगळे होतात: 'पाय सरळ ठेव' असे सांगणाऱ्याचा व्यापार ऐकणाऱ्याची प्रवृत्ती जागी होईपर्यंत पोहोचतो, आणि तेथून पुढे पाय सरळ ठेवण्याचा व्यापार सर्वस्वी मुलाचा असतो. सांगणाऱ्याने आवाज कितीही चढवला, तरी पहिल्या भावनेची दुसरी होत नाही.

पहिली भावना दुसरीला जागे कशी करते, याचे उत्तर न्यायदर्शनात अधिक नेमकेपणाने मिळते. न्याय-वैशेषिक मतानुसार प्रयत्न हा आत्म्याचा गुण आहे. ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न आणि प्रयत्नातून शरीराची हालचाल, म्हणजे चेष्टा, असा त्याचा क्रम आहे. म्हणून शरीराला धरून ओढल्याने जी हालचाल होते ती ओढल्या जाणाऱ्याची चेष्टा ठरत नाही, आणि कोणाच्या ठिकाणी प्रयत्न उत्पन्न व्हावा असे वाटत असेल, तर आरंभ ज्ञानापासून करावा लागतो. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननाच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली' या ग्रंथात प्रवृत्तीच्या मुळाशी तीन प्रकारचे ज्ञान मानलेले आढळते. हे काम आपल्या प्रयत्नाने होण्याजोगे आहे, हे पहिले. त्याला कृतिसाध्यतेचे ज्ञान म्हणतात. हे काम आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीचे साधन आहे, हे दुसरे. ते इष्टसाधनतेचे ज्ञान. त्या इष्टाहून अधिक बलवान असे अनिष्ट या कामातून ओढवणार नाही, हे तिसरे. त्याला बलवदनिष्टाननुबंधित्वाचे ज्ञान असे लांबलचक नाव आहे. चंद्र हाती यावा असे कितीही वाटले तरी जाणता माणूस त्यासाठी उडी मारत नाही, कारण पहिले ज्ञान नसते. वाळूचे कण मोजत बसत नाही, कारण दुसरे नसते. आणि विष कालवलेले पक्वान्न भुकेलेला असूनही खात नाही, कारण तिसरे नसते. रांगेत मागे सरकणाऱ्या मुलाला 'आळशी' हा एकच शब्द लावला जातो, तेव्हा या तिन्हींपैकी नेमके कोणते ज्ञान उणे आहे याचा शोध घेणेच राहून जाते; आणि उणीव वेगळी तर उपायही वेगळा, हे ओघानेच आले.

कृतिसाध्यतेची जाणीव जिम्नॅस्टिक्समध्ये विशेष महत्त्वाची ठरते, कारण या खेळातील अपयश उघडे आणि शारीरिक असते; गणित चुकले तर चूक वहीत राहते, उडी चुकली तर मूल सर्वांदेखत पडते. स्त्रियांच्या स्पर्धेतील बीम, म्हणजे जिच्यावर तोल सांभाळून कसरती करायच्या ती तुळई, ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच असते. सहा वर्षांच्या मुलीच्या बहुधा डोक्यावरूनच ती जाते. म्हणून वर्गात आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवरून चालायला शिकवतात, मग जमिनीलगतच्या तुळईवरून, आणि उंची सर्वांत शेवटी येते. वाट अरुंदच राहते, तिच्याखालचे अंतर तेवढे वाढत जाते. मल्लखांबाच्या शिक्षणातही पायांच्या विळख्याने लाकूड धरण्याची अढी पक्की झाल्याशिवाय पुढच्या अवघड पकडी येत नाहीत. संपूर्ण हँडस्टँड नवशिक्या मुलाच्या दृष्टीने चंद्राइतकाच दूर असतो. भिंतीला पाय टेकवून दहा आकडे मोजेपर्यंत हातांवर राहणे मात्र त्याच्या आवाक्यात असते, आणि दहाचे बारा झाले की 'हे माझ्याने होते' हे ज्ञान त्याला कोणी सांगावे लागत नाही. धीर शब्दांनी देता येतो. कृतिसाध्यतेचे ज्ञान मात्र स्वतःच्या कृतीतूनच मिळते, म्हणून मुलाला धीर देण्याइतकेच काम लहान करून देणे हेही शिकवणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

स्तुतीचा विचारही येथेच केला पाहिजे. मीमांसेत आज्ञा देणाऱ्या वाक्याच्या जोडीला अर्थवाद नावाची वाक्ये असतात. त्यांचे काम सांगितलेल्या कर्माची प्रशंसा करून ऐकणाऱ्याची प्रवृत्ती सुकर करणे हे आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अर्थवाद स्तुती करतो ती विधेयाची, म्हणजे जे करायचे त्या कर्माची. करणाऱ्याच्या अंगभूत थोरवीशी त्याला कर्तव्य नसते. आधुनिक मानसशास्त्राने वेगळ्या वाटेने जवळपास येथेच येऊन मुक्काम केला. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, यशानंतर ज्या मुलांच्या बुद्धीची प्रशंसा केली गेली ती पुढच्या अपयशानंतर लवकर खचली, आणि ज्यांच्या मेहनतीची प्रशंसा झाली ती अवघड कामाला अधिक काळ धरून राहिली. याचे कारण न्यायाच्या परिभाषेत सांगता येते. 'तू उपजतच लवचीक आहेस' हे वाक्य यशाचे कारण प्रयत्नाच्या बाहेर नेऊन ठेवते, त्यामुळे पुढे पाय ताणला न गेला की मुलाला आपल्या हाती काही उरले नाही असे वाटते. 'आज गुडघा शेवटपर्यंत सरळ राहिला' हे वाक्य त्या कारणाला कृतीतच ठेवते, आणि कृती उद्या पुन्हा करता येते.

इष्टसाधनतेचा प्रश्न याहून अवघड आहे. कसरतीने शरीर बळकट होते, तोल सुधारतो, शिस्त लागते, ही पालकांची इष्टे असतात; सहा वर्षांच्या मुलाला यांपैकी एकही गोष्ट हवीशी वाटत नसते, आणि हवीशी न वाटणाऱ्या गोष्टीचे साधन हे साधन म्हणून त्याला हलवू शकत नाही. यावरचा लोकरूढ उपाय म्हणजे मुलाला हव्या असलेल्या एखाद्या गोष्टीशी कसरत बांधून टाकणे. शास्त्रग्रंथांत याला गुडजिह्विकान्याय असे नाव आहे: कडू औषध पोटात जावे म्हणून आधी मुलाच्या जिभेला गूळ लावतात, तसे कठीण गोष्टीकडे वळवण्यासाठी आधी गोड फळ दाखवायचे. दृष्टान्त मार्मिक आहे, परंतु त्याची मर्यादा त्याच्यातच दडलेली आहे. औषध नाखुशीने गिळले तरी गुण देते, कारण त्याचे कार्य गिळणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते; अभ्यास मात्र गिळता येत नाही, तो दर क्षणी करणाऱ्याच्या लक्षातून आणि इच्छेतून नव्याने घडवावा लागतो. शिवाय गूळच इष्ट ठरला, की कसरत केवळ त्याच्या वाटेतील अडथळा होऊन बसते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना चित्रे काढण्याबद्दल प्रशस्तिपत्र आधीच कबूल केले होते. पुढे मोकळ्या वेळात ही मुले इतरांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही. बिघाड भेटीत नव्हता. भेट हेच प्रयोजन होऊन बसले, तेथे तो झाला.

दुसरा उपाय सक्तीचा. इष्टसाधनतेवाचून प्रवृत्ती होऊ शकते काय, यावर मीमांसकांतच वाद होता: मंडनमिश्राच्या मते आज्ञेची प्रेरकता इष्टसाधनतेतच असते, तर प्रभाकराच्या अनुयायांच्या मते 'हे मला कर्तव्य आहे' ही जाणीवच माणसाला हलवायला पुरेशी आहे. प्रभाकरमताचे सामर्थ्य असे, की वचन पाळणे किंवा सुरू केलेले सत्र पूर्ण करणे या गोष्टी फळ न मोजता कराव्यात, हा नैतिक अनुभव त्यात सुरक्षित राहतो. आणि मुलालाही 'नाव घातले आहे, तर वर्ष संपेपर्यंत जायचे' एवढे कर्तव्य कळू शकते. परंतु कर्तव्याची जाणीव ही देखील जाणीवच असते आणि ती धाकाने उत्पन्न होत नाही. धाकाने उत्पन्न होते ते शिक्षा टाळण्याचे इष्ट, म्हणजे उलट्या बाजूने लावलेला गूळच. प्लेटोने 'रिपब्लिक' या संवादाच्या सातव्या भागात असे मत मांडले आहे की सक्तीने केलेल्या श्रमाने शरीराचे काही बिघडत नाही, पण सक्तीने शिकवलेले आत्म्यात टिकत नाही, म्हणून मुलांना खेळातून शिकवावे. हे वाचून कसरतीला सक्ती चालते असे कोणाला वाटेल; परंतु त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात व्यायामाचे खरे प्रयोजनही आत्म्याची घडण हेच सांगितले आहे. दोन्ही विधाने एकत्र ठेवली की निष्कर्ष सरळ निघतो: सक्तीने पाय सरळ होतील, पण ज्यासाठी पाय सरळ करायचे ते साधणार नाही.

मग मार्ग कोणता? अडचणीचे खरे स्वरूप नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात त्या दोषाचे आहे; दोन गोष्टी परस्परांवर अशा अवलंबून असतात की पहिलीवाचून दुसरी नाही आणि दुसरीवाचून पहिली नाही. कसरत आवडल्यावाचून मूल मेहनत घेत नाही, आणि मेहनत घेतल्यावाचून कसरत आवडत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे जे तीन प्रकार केले आहेत, त्यांतील सात्त्विक सुखाचे वर्णन या कोड्याशी थेट भिडते: हे सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, आणि माणूस त्यात रमतो तो अभ्यासाने, असे तेथे सांगितले आहे. याच्या उलट, राजस सुख आरंभी गोड आणि परिणामी कडू असते. कसरतीचे सुख पहिल्या जातीचे आहे. अंग हलके झाल्याचा, हवेत क्षणभर स्वतःचा तोल स्वतःला सापडल्याचा आनंद महिनोन्महिन्यांच्या ताणाच्या पलीकडे असतो, आणि अलीकडच्या काठावरून तो मुलाला दिसत नाही. अमृताची चव माहीत नसलेल्याला विष का प्यावे हे कोण सांगणार?

या प्रश्नाचे उत्तर न्यायदर्शनाच्या एका वेगळ्याच प्रकरणात, शब्दप्रमाणाच्या विवेचनात सापडते. जे प्रत्यक्ष दिसत नाही आणि ज्याचे अनुमान करण्याइतका अनुभव पदरी नाही, ते आप्ताच्या वचनाने जाणता येते, असे हे दर्शन मानते. आप्त म्हणजे केवळ नातलग नव्हे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असा वात्स्यायनाच्या न्यायभाष्याचा आशय आहे. मूल पहिले काही महिने वर्गात टिकते ते उसन्या ज्ञानावर, म्हणजे 'यात काहीतरी चांगले आहे असे आई म्हणते' या भरवशावर. अन्योन्याश्रयाचे वर्तुळ फुटते ते या भरवशामुळे. परंतु मग पालकांचे वचन खरोखर आप्तवचन असले पाहिजे. 'काही दुखणार नाही' असे सांगून नेलेल्या मुलाला पहिल्याच ताणात दुखले, की मांडीच्या स्नायूंबरोबर भरवसाही दुखावतो. 'पहिले काही दिवस पाय दुखतील, नंतर कमी दुखतील' हे कमी आकर्षक वाक्य पुढच्या आठवड्यात खरे ठरते, आणि खरे ठरलेल्या प्रत्येक वाक्याने सांगणाऱ्याचे आप्तत्व वाढते. आपण कधीही घाम न गाळलेल्या पालकाने मेहनतीची महती सांगितली, तर व्याख्येतील पहिलीच अट अपुरी राहते. अशा घरात आप्तत्वाचा भार वर्गातील शिक्षकांवर, किंवा दोनच वर्षे पुढे असलेल्या आणि कालपर्यंत याच रांगेत रडणाऱ्या मुलीवर टाकणे अधिक प्रामाणिक ठरते.

भरवशाने सुरू झालेली गोष्ट अभ्यासाने टिकते. 'अभ्यास' हा शब्द आज मराठीत पाठ्यपुस्तकापुरता संकोचला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत स्थिरता लाभावी म्हणून केलेला यत्न असा त्याचा अर्थ आहे, आणि हा यत्न दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ चालावा, खंड न पडता चालावा आणि सत्काराने, म्हणजे आदराने केलेला असावा. पहिल्या दोन अटी पालकांना पटकन पटतात, कारण दिनदर्शिकेवर त्यांचा हिशेब ठेवता येतो; तिसरीकडे दुर्लक्ष होते. व्यासभाष्यात सत्काराची फोड करताना तप, ब्रह्मचर्य आणि विद्या यांच्याबरोबर श्रद्धेचाही उल्लेख येतो. आदरावाचून केलेली पुनरावृत्ती ही नुसती आवर्तने असतात, आणि आवर्तनांनी अभ्यासाइतक्याच सहजतेने कंटाळाही दृढ होतो. 'ज्ञानेश्वरी'च्या बाराव्या अध्यायात अभ्यासाला काहीच अवघड नाही हे सांगताना ज्ञानेश्वर जी उदाहरणे देतात, त्यांत विष पचवणे आणि अंतराळात संचार करणे हीही आहेत. गीतेतील आरंभीचे विष आणि जिम्नॅस्टच्या वाट्याला येणारे क्षणभराचे अंतराळ यांची सांगड त्या उदाहरणांशी सहज बसते.

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेने हा सत्कार कृतींतून शिकवला. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख येतो, आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधर यांनी मल्लखांबाला पुन्हा ऊर्जित रूप दिले. पुढे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली सुरू झाले. या संस्थांच्या नावांत हनुमान आणि समर्थ यावेत हा योगायोग नव्हे, कारण बलोपासना हा शब्दच बळाला उपासनेच्या, म्हणजे आदराने जवळ बसण्याच्या, कक्षेत आणतो. मारुतीला नमस्कार करणे, आखाड्याची माती कपाळाला लावणे, खांबाला वंदन करून मगच त्यावर उडी घेणे, या कृतींचा श्रद्धेशी संबंध आहेच; पण अश्रद्ध घरातील मुलालाही त्या एक गोष्ट शिकवतात, की येथे जे करायचे ते हलक्या हाताने करायचे नाही. सुटलेल्या वेण्या नीट बांधणे, गादी स्वतः उचलून ठेवणे, दुसऱ्याची पाळी चालू असताना गप्प बसून पाहणे, हा आजच्या वर्गातील सत्कार होय. आणि तो मुलाला सर्वांत कठीण कसरतीच्या कितीतरी आधी, पहिल्याच दिवशी जमण्याजोगा असतो.

तिसरे ज्ञान, म्हणजे मोठे अनिष्ट ओढवणार नाही याची खात्री, ही पालकांनी मुलाला समजावून देण्याची गोष्ट नाही. ती प्रत्यक्षात खरी असेल याची काळजी त्यांनीच घ्यायची असते. जिम्नॅस्टिक्सचा आधुनिक इतिहास या बाबतीत निष्काळजीपणा परवडू देत नाही. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेची हिने वयाच्या चौदाव्या वर्षी पूर्ण १० गुण मिळवले; पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने स्त्रियांच्या वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय वाढवत नेले आणि १९९७ पासून ते १६ वर्षे केले. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ॲन व्हाइट यांच्या चौकशी अहवालाने त्या देशाच्या जिम्नॅस्टिक्समधील मुलांच्या शारीरिक आणि मानसिक छळाची दीर्घ नोंद केली. म्हणून 'नको' म्हणणाऱ्या मुलाचे म्हणणे आधी ऐकून घेणे हा लाड ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, ज्याला भारताने १९९२ साली मान्यता दिली, आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क नोंदलेला आहे. न्यायदर्शनाने येथे एक मोलाची सोय करून ठेवली आहे: प्रयत्नाचे प्रकार सांगताना ते प्रवृत्तीबरोबर निवृत्तीचीही गणना करते, म्हणजे घातक गोष्टीपासून मागे फिरणे हाही प्रयत्नच मानते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत आपल्या शरीराची दिशा कळेनाशी झाल्यावर सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, आणि नंतर त्याच स्पर्धेत बीमवर कांस्यपदक मिळवले. तिची माघार आणि तिचे पुनरागमन हे एकाच गुणाचे दोन प्रकार होते. कंटाळ्यातून आलेला नकार आणि भीतीतून किंवा वेदनेतून आलेला नकार यांतील फरक ओळखणे मात्र मुलाला स्वतःला अवघड जाते, आणि तेथे पालकांच्या लक्षाला पर्याय नाही.

योगसूत्रांत अभ्यासाच्या जोडीला वैराग्य सांगितले आहे. वैराग्य म्हणजे विषयांविषयीच्या तृष्णेपासून मोकळे होणे. मुलाच्या शिक्षणात ही जोडी दोन माणसांत वाटली जाते असे म्हणता येईल: अभ्यास मुलाने करायचा असतो आणि वैराग्य पालकांना लागते. गीतेचा दुसरा अध्याय कर्त्याचा अधिकार कर्मापुरता आणि फळावर नाही असे सांगतो. येथे तर कर्मही दुसऱ्याचे असते, तेव्हा पालकांचा अधिकार फळापासून एका पायरीने आणखी दूर जातो. फळ किती गोष्टींवर अवलंबून असते हे दीपा कर्माकरच्या उदाहरणावरून दिसते. सपाट तळवे ही या खेळातील मोठी अडचण असूनही अगरतळ्याची ही मुलगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या व्हॉल्ट प्रकारात, म्हणजे धावत येऊन उपकरणावरून घेतलेल्या उडीत, अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि ०.१५० गुणाने कांस्यपदकाला मुकून चौथी आली. पदक हेच इष्ट मानले तर तेवढ्या फरकाने सगळी वर्षे वाया गेली असे म्हणावे लागेल, आणि असे कोणी म्हणत नाही. मराठीत रोप 'लावतात' आणि फळ 'लागते'. सवय, वळण, गोडी यांनाही 'लावणे' हेच क्रियापद चालते. लावणे हातात आहे, लागणे हातात नाही, आणि रुजले की नाही हे पाहण्यासाठी रोज उपटून पाहिलेले रोप कधीच रुजत नाही.

आरंभी ज्या प्रयोजक रूपाचा उल्लेख केला, त्याची व्याकरणात एक जुळी बहीण आहे. ज्या क्रियापदातून क्रिया करण्याची शक्ती व्यक्त होते त्याला शक्य क्रियापद म्हणतात, आणि मराठीत अनेकदा प्रयोजक व शक्य या दोहोंचे रूप एकच असते. 'आई मुलीला चालवते' या वाक्यातील क्रियापद प्रयोजक आहे. चालणे मुलीचे, चालवणे आईचे. यातील पहिला शब्द काढून घेतला तर 'मुलीला चालवते' एवढे उरते, क्रियापदाचे एक अक्षरही बदललेले नसते, आणि तरी अर्थ असा होतो की मुलीला आता स्वतःच्या बळावर चालता येते. जमिनीवरच्या रेषेवर आईचा किंवा शिक्षकांचा हात मुलीच्या हातात असतो, जमिनीलगतच्या तुळईवर तो काही अंतरावरून सोबत चालतो, आणि उंच तुळईपाशी तो केवळ पडली तर सावरण्यापुरता असतो. वाक्यातून आपला शब्द नेमका केव्हा काढून घ्यायचा, याचा नियम व्याकरणाने दिलेला नाही. तो प्रत्येक मुलीच्या पावलांकडे पाहूनच ठरवावा लागतो.